आधी रक्त, मग गोळी

अगं, तू किती वाट पाहिलीस ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं कळ काढलेल्या मुलीला आणखी पंधरा दिवस थांब म्हणणं तुला दुष्टपणाचं वाटेल. तरी म्हणते. हार्मोनच्या त्या पाकिटातली पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधी तुझं रक्त तपासून घे. गोळी एकदा सुरू झाली की तुझं आधीचं रक्त पुन्हा मिळत नाही. सहा महिन्यांनी लिव्हरचा एखादा आकडा वर दिसला, तर डॉक्टर पहिलं हेच विचारणार की हा मुळात होता की गोळ्यांनी वाढला? सांगायला काही नसलं की बरेच डॉक्टर सगळंच बंद करून मोकळे होतात. ज्याच्यासाठी घाई केली तेच मग हातचं जातं.

मी डॉक्टर नाही. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधणारी लॅबमधली बाई आहे, आणि तुझ्याच वाटेने तुझ्या आधी गेलेली आहे. म्हणून मी तुला डोस सांगणार नाही, तूही मला विचारू नकोस. पण आपल्या कितीतरी मुली माझ्यासमोर हात पुढे करून बसल्यात आणि त्यांचे रिपोर्ट मी पाहिलेत, तेवढ्या जोरावर बोलते.

पहिल्या तपासणीत फार अवघड काही नसतं. हिमोग्राम, लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन, पोटॅशियम, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल. हार्मोनमध्ये टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिओल आणि प्रोलॅक्टिन. सोबत काविळीची बी आणि सी, आणि एचआयव्ही. वजन आणि बीपी डॉक्टरांकडे होईलच. लॅबच्या काउंटरवर 'फुल बॉडी'चं पॅकेज गळ्यात मारतील, ते घ्यायची गरज नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं कर. यातलं बरंचसं सरकारी दवाखान्यातही होतं.

रक्तात दिसत नाही असंही काही असतं, ते तूच सांगायचंस. घरात कुणाला तरुणपणी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? आईशी बोलणं होत असेल तर फोनवर सहज काढ विषय, बायका आजारपणाचं बोलायला कधी नाही म्हणत नाहीत. तुला अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा येतात का? आणि सिगारेट. ती तू ओढतेस हे मला माहीत आहे, डॉक्टरांनाही माहीत असू दे. इस्ट्रोजेन आणि सिगारेट यांचं जमत नाही, दोन्ही मिळून रक्त गोठायचा धोका वाढवतात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. आधी स्वतःच्या मनाने काही गोळ्या घेतल्या असतील तर त्याही सांग. रागावणारे डॉक्टर असतात, पण अर्धवट माहितीवर औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांपेक्षा ते परवडले.

डॉक्टर आणखी एक विचारतील, तेव्हा ओशाळून "नको, नको" म्हणून टाकू नकोस. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर? इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध सुरू झालं की वीर्यातले शुक्राणू कमी होत जातात, आणि औषध बंद केल्यावर ते परत येतीलच याची हमी कुणी देत नाही. साठवून ठेवायचे तर आधीच. नको असतील तर नको, पण विचार करून नको म्हण.

आता मला खरं भांडायचंय ते माला-डीवरून. आपल्याकडे एक मुलगी दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. मेडिकलमध्ये स्वस्त मिळते, कुणी चिठ्ठी मागत नाही, मग दिवसाला तीन घे, चार घे. त्या गोळीत असतं एथिनिल इस्ट्राडिओल, एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम, आणि सोबत लेव्होनॉर्जेस्ट्रेल. मुरुमांसाठी आणि पीसीओडीसाठी बायकांना देतात त्या '३५' आकडा लिहिलेल्या गोळ्यांतही एथिनिलच असतं. बाईला पाळणा लांबवायला ठरलेल्या मापात ते चालतं. पण हे रसायन लिव्हरमध्ये सहजी मोडत नाही आणि रक्त गोठवणारे घटक वाढवून ठेवतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या रुग्णालयात ट्रान्स स्त्रियांना पूर्वी हेच देत असत. गुठळ्यांचं प्रमाण ध्यानात आलं आणि त्यांनी ते सोडलं. आज जगातली प्रमुख मार्गदर्शक तत्त्वं एथिनिल नको म्हणतात आणि शरीरात मुळात बनतं त्या जातीचं इस्ट्राडिओल द्या म्हणतात, गोळी, जेल, पॅच किंवा इंजेक्शनमधून.

यात लॅबची एक गोम आहे, ती बाहेर कुणी सांगत नाही. इस्ट्राडिओलची तपासणी एथिनिलला ओळखत नाही. म्हणजे एखादी दिवसाला चार माला-डी खात असेल तरी रिपोर्टमध्ये इस्ट्राडिओल कमीच दिसणार. ती म्हणणार, अगंबाई, अजून पुरेना, आणि पाचवी गोळी सुरू करणार. रिपोर्ट खोटा नसतो, तो दुसऱ्याच गोष्टीचा असतो. हे मला इतक्यांदा समजवावं लागलंय की आता फॉर्म भरतानाच मी विचारते, कुठली गोळी, नाव सांग.

घाई करून काही साधत नाही, हे तुला सांगलीकडच्या मुलीला वेगळं काय सांगायचं. दुप्पट पाणी सोडलं म्हणून ऊस निम्म्या वेळात तुटायला येत नाही. छाती भरायला तीन ते सहा महिन्यांत सुरुवात होते आणि ते काम पुढे दोन वर्षं किंवा जास्तही चालतं. मांड्या-कमरेची ठेवण त्याच सुमारास बदलू लागते. दाढीचे केस मंदावतात पण जात नाहीत, त्यासाठी लेझरच. आवाज मात्र इस्ट्रोजेनने तसूभर बदलत नाही, त्याला सराव लागतो. जास्त गोळ्या घेतल्याने यातलं काहीच लवकर होत नाही, गुठळीचा धोका तेवढा वाढतो. आणि छाती दिसेना म्हणून कुणा 'बाई'कडून सिलिकॉनचं इंजेक्शन घ्यायला गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ते तेल अंगात पसरतं, गाठी होतात, फुप्फुसापर्यंत गेलं तर जीव जातो.

डॉक्टर बहुतेक तुला इस्ट्राडिओलबरोबर टेस्टोस्टेरॉनला आवर घालणारं दुसरं औषध देतील. आपल्याकडे जास्त चालतं ते स्पायरोनोलॅक्टोन. मुळात हे बीपीचं आणि लघवी वाढवणारं औषध. त्यामुळे रात्री दोनदा उठशील, आणि झटकन उभी राहिलीस तर चक्कर येईल. त्याचं काही नाही, पाणी पीत जा, सावकाश ऊठ. बघायचं असतं ते पोटॅशियम. ही गोळी शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तुझ्यासारख्या धडधाकट किडनीच्या पोरीला सहसा काही होत नाही. पण आपल्याकडे लोक न विचारता काय काय घेतात! बीपीसाठी टेल्मिसार्टन, ते पोटॅशियम वाढवतं. लघवीच्या जळजळीवर को-ट्रायमोक्साझोल, तेही वाढवतं. पाठ दुखते म्हणून आठवडाभर डायक्लोफेनॅक, त्याने किडनी दबते. घरात कुणी 'बीपीला चांगलं' म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. वर उन्हाळा म्हणून रोज नारळपाणी. एकेक गोष्ट चालून जाते, तीन एकत्र आल्या की भानगड होते. म्हणून कुठल्याही डॉक्टरसमोर, अगदी सर्दीसाठी गेलीस तरी, पहिलं वाक्य हे की मी स्पायरोनोलॅक्टोन घेते.

काही डॉक्टर सायप्रोटेरोन देतात. ते जोरकस आहे, म्हणूनच थोडं पुरतं. ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात म्हणून अख्खी ५० घ्यायची असं नाही. आताची तत्त्वं १० मिलिग्रॅमच्या आसपास म्हणतात. जास्त डोस बरीच वर्षं घेतला तर मेंदूच्या आवरणावर गाठ होण्याचा धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये यावर बंधनं आणली. हे औषध चालू असताना प्रोलॅक्टिन आणि लिव्हर पाहत राहायचं, आणि डोकेदुखी वाढली, नजर धूसर झाली किंवा मन उगाच खचायला लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. बायकाल्युटामाइड लिहिलं तर लिव्हरची तपासणी अजिबात चुकवायची नाही. मधूनच कावीळ दिसली, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवून थेट दवाखाना.

पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी रक्त, सगळं ठीक चाललं तर पुढे वर्षातून एकदा-दोनदा. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ट्रान्स स्त्रीसाठी इस्ट्राडिओल मिलिलिटरमागे १०० ते २०० पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असं धरलंय. तुझे डॉक्टर थोडं इकडेतिकडे धरतील, त्यावर वाद घालू नकोस. पण तो आकडा खरा यायला हवा, आणि तिथे तुझाही हात असतो.

गोळी घेऊन तासाभरात रक्त दिलंस तर इस्ट्राडिओल उगाच उंच दिसेल. जिभेखाली ठेवून घेणाऱ्यांचं तर आणखीच. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर सकाळची गोळी पर्समध्ये ठेव, रक्त दिल्यावर घे, आणि आदली कधी घेतली ती वेळ फॉर्मवर लिहायला लाव. वेळ कुठलीही ठरव, पण दर खेपेला तीच, नाहीतर मागच्या आकड्याशी ताडून पाहायची सोयच राहत नाही. जेल लावत असशील तर ज्या हाताला लावतेस त्या हाताचं रक्त देऊ नकोस. त्वचेवरचं जेल सुईबरोबर जातं आणि आकडा आभाळाला भिडतो. शीर सापडेना म्हणून मूठ उघड-मीट करायची सवय असते लोकांना, ती करू नकोस. त्याने पोटॅशियम खोटंच वाढतं आणि मग सगळ्यांची धावपळ. आणि केसांच्या त्या गोड गोड गोळ्या, बायोटिनच्या. काही यंत्रांवर बायोटिनमुळे हार्मोनचे आकडे चुकतात, इस्ट्राडिओल आणि टेस्टोस्टेरॉन असतात त्याहून जास्त दिसू शकतात. दोन-तीन दिवस आधी बंद कर.

रिपोर्ट आला की त्यात लाल रंगाने 'लो', 'हाय' छापलेलं असेल. घाबरून मला रात्री अकराला फोटो पाठवशील, माहीत आहे. आधी वर बघ, लिंगाच्या रकान्यात काय लिहिलंय. 'पुरुष' असेल तर संगणक पुरुषाच्या मापाशी तुलना करतो. टेस्टोस्टेरॉन खाली आलं की हिमोग्लोबिन बायकांच्या पातळीला उतरतं, साडेबारा येतं, आणि यंत्र त्याला लाल करतं. एखादे भोळे डॉक्टर लगेच लोहाच्या गोळ्या लिहितात! टेस्टोस्टेरॉन तर लाल दिसणारच, त्याचसाठी सगळा खटाटोप. क्रिएटिनिनचंही तसंच, स्नायू कमी झाले की तेही थोडं बदलतं. हार्मोन सुरू होऊन काही महिने झाले की हिमोग्लोबिन बायकांच्या रकान्याशी ताडून बघायचं. हे सगळं माहीत असलेले डॉक्टर शोध. आणि नाव? तुझं नवं नाव सांग की आधारवरचं सांग, ते तुझं तू ठरव. पण दर वेळी एकच सांग, म्हणजे जुने रिपोर्ट जोडले जातील. काउंटरवर मोठ्याने हाक मारू नका म्हणून सांगायचा तुला हक्क आहे.

आता नीट ऐक, हे अंगावर काढायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, हात लावला तर गरम लागते. अचानक दम लागतोय, श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त. तोंड वाकडं, जीभ जड, एका बाजूचा हात उचलत नाही. यातलं काहीही झालं तर मला फोन करू नकोस, १०८ ला कर. आणि तिथे पोचल्यावर, रिक्षावाला ऐकत असो की चुलत भाऊ, मोठ्याने सांग की मी इस्ट्रोजेन घेते. पोटरी चोळून घेऊ नकोस. लांबच्या रात्रीच्या बसने गावी जाताना मधे उतरून थोडं चालून घे. कुणी म्हणालं म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज खायची नाही, तिचेही तोटे आहेत. ऑपरेशन ठरलं, दाताचं सोडून कुठलंही, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांग.

आपल्यात टीबीची औषधं चालू असलेल्या मुली थोड्या नाहीत. त्यातलं रिफाम्पिसिन लिव्हरला इतकं कामाला लावतं की इस्ट्रोजेन भराभर मोडून जातं. फिटच्या काही औषधांनीही तेच होतं, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन. तेव्हा मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत, आणि टीबीची औषधं तर मुळीच सोडायची नाहीत. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची. एचआयव्ही असला तरी हार्मोन घेता येतात. एआरटीच्या आजच्या नेहमीच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर इस्ट्रोजेनच्या आड येत नाही. हार्मोनसाठी एआरटी थांबवणारी एक पोर मला भेटली होती, तिला मी हाताला धरून परत सेंटरवर नेलं.

डेऱ्यातल्या मोठ्या बायका, निर्वाण झालेल्या, म्हणतात की आम्ही कुठे कुठली गोळी घेतली? खरं आहे. पण अंडकोष काढल्यावर शरीरात ना पुरेसं टेस्टोस्टेरॉन उरतं ना इस्ट्रोजेन, आणि हाडं दोघांपैकी एकावर तरी टिकतात. चाळिशीत कंबर मोडलेल्या बायका पाहिल्यात मी. डेऱ्यातल्या मोठ्यांना गुरूच्या मानाने नमस्कार कर, पण औषधाचं डॉक्टरांकडूनच ऐक.

तुझ्या त्या मित्राला, टेस्टोस्टेरॉन सुरू करणाऱ्याला, माझा एक निरोप दे. त्याच्या रिपोर्टात पीसीव्ही बघत जायचं. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं, आणि ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात. पाळी थांबली म्हणजे दिवस राहत नाहीत असं नाही, त्याला वेगळी काळजी घ्यावी लागते. आवाज एकदा फुटला की मागे येत नाही, हे त्याला माहीत असेलच.

पुढे उपचारांसाठी जायचं कुठे, हा तुझा खरा प्रश्न. पुण्यात आणि कल्याणला ट्रान्स लोकांसाठी मित्र क्लिनिक होतं, मूळचं हैदराबादचं. अमेरिकेची मदत थांबली आणि २०२५ च्या सुरुवातीला तिन्ही बंद पडली. हैदराबादचं नंतर दुसऱ्या नावाने उभं राहिलं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्यात हार्मोन उपचारांची सोय सरकारने करावी असं लिहिलंय, पण कायद्यातलं ओपीडीच्या खिडकीपर्यंत यायला वेळ लागतो. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतोय, आपल्या माणसांशी धड बोलणारे डॉक्टर कोण हे अशा संस्थांना बरोब्बर ठाऊक असतं. मोठ्या सरकारी रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीची ओपीडी असते, गर्दी असते, पण तपासण्या एकाच छपराखाली होतात. बरेच डॉक्टर आधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागतात. त्याचा राग धरू नकोस, एकदा मिळालं की पुढे ऑपरेशनलाही लागतं. मात्र तो जर "आपण हे डोक्यातून काढून टाकू" म्हणायला लागला, तर उठून ये. अशी 'दुरुस्ती' करणं हे डॉक्टरकीतलं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच राज्यांच्या परिषदांना कळवलंय.

पहिले काही महिने रडू येईल, विनाकारण. बरंचसं ओसरतं. पण रात्री झोप नाही, जगणं नको वाटतंय, असं झालं तर १४४१६ वर टेलिमानसला फोन कर, मराठीत बोलतात. आणि मला कर, हा फोन कितीही वाजता चालेल.

शनिवारी सकाळी माझी ड्युटी आहे. रात्री नऊनंतर काही खाऊ नकोस, पाणी भरपूर पी, पाणी कमी असलं की शीर लपते. तो घट्ट बाह्यांचा कुर्ता नको. चहा मी पाजते, रक्त दिल्यावर. आणि डॉक्टरांची चिठ्ठी घरी विसरू नकोस, तिच्याशिवाय आमच्या काउंटरवरची बाई पावतीच फाडत नाही.